ती कमळे नव्हेत, अकँथसची पाने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत रोमवर आलेल्या लेखात तिथल्या पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराच्या खांबांच्या माथ्यावर ‘कमळाच्या पाकळ्या’ कोरल्याचे म्हटले आहे. खांबावर काही उमललेले दिसले की आपल्या शिल्पपरंपरेत वाढलेल्या माणसाला कमळ आठवणे स्वाभाविक आहे. पण ती अकँथस या काटेरी झुडपाची पाने आहेत, आणि ती ओळखली नाहीत तर त्या दगडातली बरीच हकिकत वाचायची राहून जाते, म्हणून हे पत्र.

अकँथस भूमध्य समुद्राच्या परिसरात रानोमाळ वाढतो. आमच्या कोकणातल्या खाड्यांच्या काठी, कांदळवनाच्या कडेने दिसणारी मारांडी याच प्रजातीतली. हे पान खांबावर कसे चढले, याची कथा रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने सांगितली आहे. ग्रीसमधल्या कोरिंथ शहरातली एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिची आवडती भांडी टोपलीत घालून ती थडग्यावर ठेवली आणि वर कौल झाकले. टोपली नेमकी अकँथसच्या मुळावर बसली होती. वसंतात फुटलेली पाने टोपलीच्या अंगाने वर चढली, कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर वळली, आणि तेथून जाणाऱ्या कॅलिमॅकस या शिल्पकाराने तोच आकार उचलला. कथा खरी असो वा नसो, आठ-आठ पानांच्या दोन ओळी, त्यांतून निघून कोपऱ्यांशी वेटोळे घेणारे देठ, वरची चौकोनी पाटी आणि तिच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावरचे फूल, ही सारी रचना तिच्यामुळे कायमची लक्षात राहते.

ही पाने कोरताना रोमन कारागीर छिन्नीच्या जोडीला सामता, म्हणजे भोके पाडायचे हत्यार, वापरी. पानाच्या दोन पाळ्यांमधल्या फटीत ओळीने भोके पाडून तो संगमरवर खोलवर पोखरी, कारण पँथिऑनसारख्या सुमारे १२ मीटर उंच खांबाच्या माथ्यावरचे पान खालून ओळखू येते ते त्या फटीतल्या काळ्या सावलीमुळे. पँथिऑनच्या दर्शनी ओळीत डाव्या टोकाच्या खांबाकडे मान वर करून पाहिले, तर पाटीवरच्या फुलाच्या जागी मधमाशी दिसते. तो खांब सतराव्या शतकात पोप आठवा अर्बन याच्या काळात बदलला गेला आणि मधमाशी हे त्याच्या बार्बेरिनी घराण्याचे चिन्ह.

याहून मनाला लागते ती रोमच्याच त्रास्तेव्हेरे भागातल्या सांता मारिया चर्चची गोष्ट. बाराव्या शतकात हे चर्च नव्याने बांधताना रोमन सम्राट कॅराकॅलाच्या स्नानगृहांतली काही स्तंभशीर्षे तेथे बसवली गेली. त्यांच्या नक्षीत लहान लहान मुखे होती, आणि कित्येक शतके त्यांच्याखाली प्रार्थना चालत असताना कोणाला त्यांचा उपद्रव झाला नाही. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी ती इसिस, सेरापिस आणि हार्पोक्रेटिस या ख्रिस्तपूर्व, इजिप्तकडच्या देवतांची असल्याचे ओळखले, आणि १८७० च्या जीर्णोद्धारात ती हातोड्याने फोडून टाकण्यात आली. ज्यांनी ती फोडली त्यांनी नक्षी बारकाईने वाचली होती, याचेच मला अधिक वाईट वाटते.

पुरवणीच्या पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी आणि शक्य असल्यास एखाद्या स्तंभशीर्षाचे जवळून घेतलेले छायाचित्र द्यावे, ही विनंती. मूळ लेखासोबतच्या छायाचित्रात घुमट पूर्ण आला आहे. खांबांचे माथे मात्र चौकटीबाहेर कापले गेले आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी