अंगावर पाजू न शकणाऱ्या बाळंतिणीची दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनपान सप्ताहानिमित्त आपल्या पुरवणीत आलेले सर्व लेख मी लक्षपूर्वक वाचले. आईच्या दुधाचे महत्त्व मला कुणी पटवून देण्याची गरज नाही. माझी दोन्ही मुले दोन-दोन वर्षे अंगावर प्यायलेली आहेत. परंतु ज्या बाळंतिणीचा उल्लेख त्या लेखांत कुठेच आढळला नाही, तिच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझ्या सुनेला गेल्या वर्षी गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात डाव्या स्तनात गाठ हाताला लागली आणि तपासणीत कर्करोग निघाला. सहाव्या महिन्यात तो स्तन काढावा लागला. पहिले तीन महिने उलटल्यावर काही केमो गरोदरपणीही देता येतात, त्यानुसार प्रसूतीपूर्वी तिच्या तीन केमो झाल्या. उरलेल्या केमो, रेडिएशन आणि पुढची काही वर्षे घ्यायच्या गोळ्या प्रसूतीनंतर व्हायच्या होत्या. म्हणून बाळाला अंगावर पाजायचे नाही, हे कर्करोगाच्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते.

मात्र ही गोष्ट प्रसूती झालेल्या रुग्णालयाच्या वॉर्डापर्यंत पोहोचलीच नाही. पाळी बदलली की नवी परिचारिका येई आणि ‘बाळाला अंगावर घेतलेस का?’ असे विचारी, की सुनेने पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगायचे. एकीने तर न विचारताच तिच्या गाऊनचे बंद सोडले आणि व्रण दिसताच हात मागे घेतला. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला उजव्या बाजूला पान्हा आला. बाळ पाळण्यात भुकेने रडत होते आणि ती दोन्ही हातांनी टॉवेल छातीशी दाबून बसली होती. दूध येऊ नये म्हणून गोळी देता येते आणि ती प्रसूतीनंतर लवकरात लवकर द्यायची असते, हे आम्हाला तेव्हा कळले.

घरी जाताना ‘वरचे दूध द्या’ एवढेच सांगण्यात आले. पावडरचे दूध कसे तयार करायचे, हे कुणी दाखवले नाही. लहान बाळाचे दूध पातळ करूनच द्यायचे, हे आमच्या पिढीच्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे मी डब्यावर लिहिल्याच्या दुप्पट पाणी घालत राहिले, आणि पंधराव्या दिवशी नातीचे वजन जन्मवेळेपेक्षाही कमी भरले. बालरोगतज्ज्ञांनी डब्यातला चमचा काठोकाठ सपाट करून, पाणी मोजून, उकळलेल्या वाटी-चमच्याने पाजून दाखवले. त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. तीच दहा मिनिटे रुग्णालयात मिळाली असती, तर माझ्या हातून त्या जिवाची उपासमार झाली नसती.

पावडरच्या दुधाच्या जाहिरातीवर बंदी घालणारा १९९२ चा कायदा योग्यच आहे, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला तेही योग्यच झाले. परंतु तो कायदा प्रचार रोखतो. आजारपणामुळे दुसरा मार्ग न उरलेल्या आईला योग्य रीत शिकवण्यास आडकाठी करत नाही. आईचे दूधच सर्वोत्तम, असे डब्यावर कायद्यानेच छापलेले असते. दर अडीच-तीन तासांनी तो डबा उघडणाऱ्या माझ्या सुनेने अखेर त्या ओळीवर दिनदर्शिकेचा कागद चिकटवला.

सर्वच रुग्णांची स्थिती अशी नसते, हेही लोकांना कळले पाहिजे. आमच्या नात्यातील एकीचे उपचार पूर्ण होऊन चार वर्षांनी तिला मूल झाले, तेव्हा घरच्यांनी ‘कॅन्सरचे दूध’ म्हणून तिला अडवले. हा निव्वळ गैरसमज आहे. आईचा कर्करोग दुधातून बाळाला होत नाही. उपचार संपलेले असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर राहिलेल्या एका स्तनावर बाळाचे पोट भरू शकते. जुळ्यांची आई प्रत्येकाला एकेका बाजूनेच तर पाजते. रेडिएशन झालेल्या बाजूला मात्र दूध अगदी कमी येते किंवा येतच नाही. केमो किंवा टॅमॉक्सिफेन (कर्करोग परत येऊ नये म्हणून काही वर्षे घ्यायची गोळी) चालू असताना अंगावर पाजू नये, आणि पाजण्यासाठी गोळ्या परस्पर बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

दूधपेढीचा, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध घेण्याचा, पर्याय अनेक जण सुचवतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, हा आपल्या राज्याला भूषणावह इतिहास आहे. परंतु पेढीतील दुधावर पहिला हक्क कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांचा असतो, आणि तसाच असावा. पूर्ण दिवसांच्या बाळाने त्यावर विसंबून चालत नाही.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, अशा मातेच्या केसपेपरवर पहिल्याच पानावर ठळक नोंद व्हावी, म्हणजे प्रत्येक पाळीत तिला जाब द्यावा लागणार नाही. दूध थांबवण्याचा निर्णय प्रसूतीपूर्वीच कर्करोगाच्या आणि प्रसूतीच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावा. आणि घरी सोडण्याआधी दूध तयार करण्याची व पाजण्याची रीत आईला आणि घरातल्या बाईमाणसाला प्रत्यक्ष करून दाखवावी. आपणही पुढील वर्षीच्या पुरवणीत या मातांसाठी अर्धे पान राखून ठेवावे आणि त्यात ही कृती एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून लिहवून घ्यावी, ही नम्र विनंती.

आपली नम्र,
एक आजी, सातारा