बोहोलच्या डोंगरातला नाताळ

लॉस बान्योस, फिलिपिन्स, 29 डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर अर्धं बोलणं तुटतं आणि उरलेलं अर्धं आई 'नीट जेवतेस ना' मध्ये घालवते, म्हणून सविस्तर लिहायला बसले. आधी तेच उरकते. जेवले, चांगली दाबून जेवले. डुक्कर होतं. आई, इथेच पत्र मिटू नकोस.

आमच्या भात संशोधन संस्थेतल्या मैत्रिणीचं गाव बोहोल बेटावर आहे. मनिलाहून विमानाने पांग्लाओ, मग व्हॅनने किनाऱ्याकिनाऱ्याने जाग्ना बंदर, आणि तिथून मोटरसायकलवर डोंगरात. मोटरसायकलवर आम्ही तिघं आणि माझी बॅग. गावात माड, केळी आणि भाताची खाचरं. बाबांना तिथे सोडलं असतं तर दोन दिवस घरात पाय टेकवला नसता.

इथे दुकानांतून नाताळची गाणी सप्टेंबरपासूनच सुरू होतात, त्यांचा मला एव्हाना वीट आला होता. गावातलं मात्र वेगळं. 16 ते 24 डिसेंबर रोज पहाटे चार वाजता चर्चमध्ये प्रार्थना असते. शेतकऱ्याला उजाडायला शेतावर जाता यावं म्हणून ही वेळ. नवाच्या नऊ पहाटा पाळल्या की मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. मैत्रिणीची आजी, लोला, गुडघ्याला पट्टा बांधून एकही पहाट चुकवत नव्हती. मी शेवटच्या काही पहाटा गेले. बाहेर आल्यावर पुतो माया मिळतो: चिकट भात नारळाच्या दुधात, आलं घालून वाफवलेला. आपल्या नारळीभातात गूळ घालायचा राहिला तर लागेल तसाच. सोबत पिकलेला आंबा (हो, डिसेंबरात!) आणि घट्ट, कडवट कोको. ओट्यावर, मिळेल तिथे टेकून सगळे खातात आणि तसेच कामाला जातात.

लोलाला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा घरातली पोरं एकेक करून तिचा हात हातात घेत होती आणि त्याची मागची बाजू स्वतःच्या कपाळाला लावत होती. मीही तसंच केलं. तिने माझा हात सोडलाच नाही, तसाच धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पुढ्यात केळीची पानं टाकली. पाहुणी म्हणून बसू देण्याची पद्धत तिथे नाही. दुपारभर मी चिकट तांदळाच्या सुरळ्या पानात गुंडाळत होते. आई, तुझ्या पातोळ्यांनी माझी लाज राखली.

चोवीसला डुक्कर. वर्षभर घरी पोसलेलं, पोटात गवती चहा, लसूण आणि कांद्याची पात भरून बांबूवर चढवलेलं. निखाऱ्यांवर ते तासन्‌तास हाताने फिरवावं लागतं, आणि फिरवणाऱ्यांच्या पाळ्या लागतात. माझ्या पाळीला मैत्रिणीचे आजोबा, लोलो, शेजारी येऊन बसले. मैत्रीण दुभाषी. वडील भात कुठला लावतात, हा पहिला प्रश्न. मी 'रत्ना' म्हटलं आणि त्याचा एक पालक आयआर-8 हा भात, जो 1966 मध्ये आमच्याच संस्थेतून बाहेर पडला, हेही सांगितलं. म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. तरुणपणी तोच लावला होता म्हणे.

मग वादळाचा विषय निघाला. ओदेत टायफून 2021 मध्ये बोहोलवर आला तो 16 डिसेंबरलाच, नऊ पहाटांतल्या पहिल्याच दिवशी. तो नाताळ बेटाने अंधारातच काढला. मी आपला 3 जून 2020 चा निसर्ग सांगितला, आडव्या झालेल्या पोफळी सांगितल्या. पोफळ किती वर्षांनी धरते, एवढंच त्यांनी विचारलं. सहा-सात म्हटल्यावर मान हलवून निखारे सारखे करत बसले.

मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर सगळं घर जेवायला बसतं. डुक्कर, शेवया, आणि आई, गोड स्पॅगेटी! सॉसेजचे तुकडे घातलेली, चक्क गोड. ती मात्र मला गेली नाही. पोरं तिच्यावर तुटून पडली होती.

त्याआधी खोका उघडला. मैत्रिणीची बहीण आखातात एका घरात कामाला आहे. तिने सप्टेंबरातच बोटीने पाठवलेला, कमरेएवढा, चिकटपट्टीने मढवलेला. टॉवेल, साबण, डबाबंद मांस, चॉकलेटं, बूट, आणि प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव. धाकट्याचे बूट दोन अंगुळं लहान निघाले. ती गेली तेव्हाचं माप तिच्या डोक्यात होतं. कोणी काही बोललं नाही. त्याने टाचा दुमडून ते रात्रभर घातले, आणि व्हिडिओ कॉल लागला तेव्हा पाय उचलून तिला दाखवले.

जवळपास एक कोटी फिलिपिनो परदेशात आहेत. इथे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी असं फोनमध्येच असतं. आपल्याकडे चाकरमानी निदान गणपतीला तरी गाडी पकडतो. यंदा मी तेही केलं नाही. आई, तू फोनवर 'काही नाही गं, झाला गणपती' म्हणालीस आणि मी ते खरं धरून कामाला लागले. त्या रात्री कॉल बंद झाल्यावर मैत्रिणीची आई भांडी घासायला उठली, तीही असंच काहीतरी म्हणाली असावी. भाषा कळत नव्हती, पण सूर ओळखीचा होता.

तेव्हा ऐका. पुढच्या गणपतीची रजा कालच टाकली आणि मंजूरही झाली. बाबा, माझ्यासाठी म्हणून काही राखून ठेवू नका, सुपारी वेळेत विका. आणि माझ्या मापाचं काही शिवायचं असेल तर आधी विचारा.

पुढच्या आठवड्यात एक सहकारी संस्थेच्या वाराणसीच्या केंद्रात चाललाय. त्याच्याकडे जाग्नाचा कलामाय देतेय, तो तिथून कुरियर करेल. करवंटीत भरून वर लाल कागद लावलेला असतो. चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळ, त्यामुळे दोघांनाही चालेल. बाबांची कवळी सांभाळून. फ्रीजमध्ये ठेवू नका, दगड होतो.

तुमची,
बाय