भर दुपारी एसी बंद पडतो तो डक्टमुळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अकोल्यात पारा ४४ च्या वर गेला की मला एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात : "सर, एसी आपोआप बंद पडतो." मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा निदेशक होतो. माझे विद्यार्थी आज गावभर हीच कामे करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

परवा शेजारच्या इमारतीतून पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावले. काका अर्धांगवायूने अंथरुणावर. दुपारी दोनच्या सुमारास एसी नुसता वारा फेकायला लागतो, अर्ध्या तासाने पुन्हा गार होतो, मग परत तेच. रात्री मात्र सकाळपर्यंत विनातक्रार चालतो. मेकॅनिक गॅस भरून गेला होता. पैसे गेले, दुखणे तसेच.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. कुठे गळती असेल तरच तो कमी होतो, आणि कमी असेल तर रात्रीही गारवा बेताचाच मिळतो. रात्री नीट चालणारा एसी दुपारीच थांबत असेल, तर आधी व्होल्टेज पाहायचे आणि मग बाहेरची उष्णता. काकूंकडे स्टॅबिलायझर भर दुपारी २२० दाखवत होता, फिल्टरही धुतलेले होते. म्हणून डक्टकडची, म्हणजे इमारतीत पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीकडची, खिडकी उघडली.

हात बाहेर ठेववेना. जेमतेम तीन फुटांची डक्ट, दोन्ही भिंतींवर एकावर एक टांगलेले आउटडोअर (खोलीतली उष्णता बाहेर फेकणारी एसीची बाहेरची पेटी), तोंडे समोरासमोर. खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढून घेतो, त्याची त्याच्या वरचा. ती हवा वरून तरी निघून जावी, तर कबुतरे आणि पाऊस नको म्हणून डक्टच्या तोंडावर फायबरचा पत्रा ठोकलेला! गच्चीवर सावलीत थर्मामीटर ४४ दाखवत होता. काकूंच्या आउटडोअरच्या मागे ५७.

एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. खास उष्ण हवामानासाठी बनवलेली बरीच मॉडेल ५२ अंशांपर्यंत चालतात. ५७ अंशांच्या हवेत खोलीतली उष्णता टाकायची कुठे? दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो, आणि त्याच्या डोक्यावरचा ओव्हरलोड, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा छोटा भाग, त्याला बंद करतो. निवला की पुन्हा चालू. इन्व्हर्टर एसीत हेच काम सेन्सर आणि पीसीबी (सर्किट बोर्ड) करतात. म्हणजे यंत्र स्वतःला वाचवत असते.

मला खरी भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. गिऱ्हाईक मागे लागले की काही जण ओव्हरलोड काढून सरळ डायरेक्ट करून देतात. मग कॉम्प्रेसर जळतो, वायरी वितळतात. आता बऱ्याच एसीत आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. माझ्या विद्यार्थ्यांनो, कोणी कितीही घाई करो, हे काम करू नका. आणि गळती शोधल्याशिवाय गॅस भरून बिल लावू नका.

काकूंच्या सोसायटीने पत्रा काढून जाळी बसवली. बंद पडणे पुष्कळ कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही, कारण डक्टच अरुंद. आता तो आउटडोअर गच्चीवर न्यायचा आहे. पाइपचा खर्च वेगळा.

मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे आपल्या जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले होते. पूर्वी वऱ्हाडात कूलरवर उन्हाळा निघायचा. आता आजारी माणसाच्या घरात एसीला चैन म्हणता येत नाही. तरी इमारतीच्या नकाशात संडासाच्या पाइपला जागा ठरलेली असते, आउटडोअरला नसते. महापालिकेने नकाशा मंजूर करताना ती दाखवायला लावावी.

आमच्याच रस्त्यावर तीन इमारतींचे स्लॅब पडत आहेत आणि तिन्हींच्या डक्ट अशाच आहेत. प्लास्टर चढण्याआधी तिथल्या बिल्डरांनी आणि आर्किटेक्टनी प्रत्येक फ्लॅटला मोकळ्या बाजूच्या भिंतीवर आउटडोअरपुरती जागा काढून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, अकोला