शेवटच्या सेकंदाचा बोलीदार चोर नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका नाणेसंग्राहकाचे पत्र होते. ऑनलाइन लिलावात माणसे आठवडाभर गप्प बसतात, वेळ संपायला चार-पाच सेकंद उरले की बोली टाकतात आणि दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून नेतात. ही फसवणूक आहे, तिच्यावर बंदी आणा, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे दुःख मला पुरेपूर कळते. दोन वर्षांपूर्वी असेच पत्र मीही लिहून ठेवले होते. ते का पाठवले नाही, तेवढे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

मी अचलपूरच्या बाजूच्या खेड्यातला. एका बाजार समितीच्या यार्डात ३१ वर्षे हर्रासीच्या, म्हणजे लिलावाच्या, नोंदी केल्या. सकाळपासून तुरीचे, सोयाबीनचे ढीग, अडत्या पुढे, खरेदीदार भोवती, शेतकरी आपल्या ढिगाला पाय लावून उभा, आणि मी वहीत भाव लिहिणारा. नाण्यांचा नाद आजीमुळे लागला. तिच्या डब्यात राणीछाप रुपये होते, भोकाचे पैसे होते, ढब्बू पैसे होते. पण माझा खरा जीव जडला तो एलिचपूर टांकसाळीच्या तांब्याच्या नाण्यांवर. एलिचपूर म्हणजे आपले अचलपूर. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेला आणि पुढे मोगलांची तांब्याची नाणी इथे पडू लागली. जाड, ओबडधोबड नाणी. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून मजकूर अर्धाच उमटतो. एकावर ‘जर्ब’ (म्हणजे ‘अमुक टांकसाळीत पाडले’) दिसते, तर गावाचे नाव कडेबाहेर गेलेले असते. गावाचे पूर्ण नाव एकाच तुकड्यावर सापडले की माझ्या अंगावर काटा येतो.

तसे एक नाणे लिलावात आले. विक्रेत्याने खाली नुसते ‘मोगल तांबे, टांकसाळ अस्पष्ट’ असे लिहिले होते. पण फोटो मोठा करून पाहिला तर नाव स्वच्छ होते. सुरुवातीची किंमत ३०० रुपये. सोमवारपासून मी रोज सकाळी चहा घेताना एक-दोन पायऱ्या चढवत गेलो. शनिवारी रात्री १० वाजता लिलाव बंद होणार होता. १० ला दोन मिनिटे कमी असताना आकडा ११५० होता आणि सगळ्यांत वर मीच होतो. चार सेकंद उरले आणि पडद्यावर आले, तुमच्यापेक्षा वरची बोली आली आहे. १२००. माझे बोट बटणापर्यंत जाईस्तोवर लिलाव बंद. मी २००० रुपये द्यायला बसलो होतो, आणि नाणे १२०० मध्ये गेले. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून आपल्याला पत्र लिहिले.

माझी पुतणी अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. ती त्या रविवारी घरी आली होती. तिने पत्र वाचले आणि म्हणाली, “काकाजी, तुमी दोन हजार देयाले तयार होते ना? मंग थे आधीच कावून नाई सांगतलं?”

मला राग आला. आधीच आकडा सांगितला तर तेवढे पैसे जातील, असे मी धरून चाललो होतो, कारण यार्डात तसेच असते. पण ऑनलाइन लिलावाची तऱ्हा वेगळी आहे आणि नव्या माणसाला नेमके तेच कोणी सांगत नाही. तिथे तुम्ही तुमची कमाल मर्यादा टाकता; ती झाकलेली राहते. यंत्र तुमच्या वतीने, दुसऱ्याच्या मर्यादेपेक्षा एक पायरी वर राहण्यापुरतीच बोली वाढवते. समजा त्या शेवटच्या माणसाने १६०० ची मर्यादा टाकली होती. मी सोमवारी एकदाच २००० टाकून झोपलो असतो, तर त्याची चार सेकंदांची चलाखी काही कामाची नव्हती. नाणे १६५० मध्ये माझे झाले असते. त्याने ते माझ्या हातून ओढून नेले नाही. मीच माझा खरा भाव यंत्राला सांगितला नव्हता.

अशा, म्हणजे जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या भावाने पैसे द्यायचे, या लिलावावर विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये निबंध लिहिला. अशा लिलावात आपला खरा भाव सांगणे हाच शहाणपणा ठरतो, हे त्याने दाखवले. १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळाले. मी विचारले, असे आहे तर तो माणूस शेवटच्या चार सेकंदांपर्यंत थांबला कशाला? यावर पुतणीने जे सांगितले ते मला फार पटले.

तो थांबला माझ्यासारख्यांमुळे. जो पायरी-पायरीने चढतो, त्याला दुसऱ्याची बोली दिसली की चेव येतो, आणि तो ठरवलेल्याच्याही वर जातो. अशा माणसाला विचार करायला वेळच न देणे, ही शेवटच्या सेकंदाची पहिली करामत. दुसरी त्याहून मोठी आहे. जाणकाराची बोली हीच एक बातमी असते. विक्रेत्याने ‘टांकसाळ अस्पष्ट’ लिहिले होते, म्हणजे बहुतेकांनी त्या नाण्याकडे पाहिलेही नसते. सोमवारपासून रोज बोली लावून मीच बोंब ठोकली की या तांब्यात काहीतरी आहे. ज्याला वाचता येत होते तो गप्प राहिला.

आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी यावर अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरचे आणि त्या वेळी ॲमेझॉन चालवत असे ते लिलाव शेजारी ठेवून पाहिले. ईबेवर ठरलेल्या क्षणाला लिलाव बंद. ॲमेझॉनवर शेवटची बोली आल्यापासून दहा मिनिटे कोणी बोलले नाही, तरच बंद. शेवटच्या क्षणाच्या बोली ईबेवर कितीतरी जास्त निघाल्या. आणि ईबेवरही संगणकांपेक्षा जुन्यापुराण्या वस्तूंच्या लिलावात जास्त, कारण तिथे जाणकारीला मोल असते.

हे ऐकताना मला आमचे यार्ड आठवले. आमच्याकडे घड्याळ बघून ढीग सुटत नाही. एक वार, दोन वार म्हणताना मागून कोणी पाच रुपये वाढवले, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या आधीच्या पिढीतले लोक हत्ता पद्धतीच्या गोष्टी सांगायचे. रुमालाखाली बोटे दाबून सौदा व्हायचा आणि मालाच्या धन्याला कोण किती बोलला ते कळायचे नाही. उघड बोलीसाठी शेतकऱ्यांना भांडावे लागले. म्हणून माझा कल वेळ वाढवण्याकडेच आहे. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत बोली आली तर लिलाव तेवढाच पुढे सरकावा. त्यात विक्रेत्याला खरा भाव मिळतो, आणि गावातल्या माणसाची एका कांडीच्या नेटवर्कमुळे बोली बुडत नाही. आमच्याकडे रात्री लाइन गेली की टॉवरही गपगार होतो. शेवटच्या तीन सेकंदांचा डाव शहरातल्या पोरांना जमतो. खेड्यातून टाकलेली बोली त्यांच्या यंत्रावर पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. मला हे दोनदा अनुभवाला आले आहे.

पण बंदी? बंदी ज्या गोष्टीवर हवी, ती त्या पत्रलेखकाने लिहिलीच नाही. तो भाग मला जास्त छळतो.

गेल्या वर्षी मी १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघत होतो. ते नाणे प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली, नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली आणि १९१२ मध्ये सोंड लांब करून नवा ठसा काढला. या लिलावात मी बोली लावली की दहा मिनिटांत एकच कोणीतरी बरोबर एक पायरी वर जायचा. मी थांबलो की तोही थांबायचा. सहा वेळा असे झाले. मी सोडून दिले, नाणे त्याला गेले. तीन आठवड्यांनी तोच रुपया, त्याच विक्रेत्याकडून, पुन्हा लिलावात. फोटो दुसरा होता. पण कडेवर सात वाजण्याच्या जागी दाताने कुरतडल्यासारखी खाच होती आणि राजाच्या कानामागे आडवा ओरखडा. खाच मी विसरत नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पुतणीला दाखवले. तिने भिंगाने पाहिले आणि मान हलवली. विक्रेत्याचाच माणूस बोली चढवत होता. यार्डात याला आम्ही खोटी बोली म्हणायचो आणि सापडला तर त्याला हर्रासीतून उठवायचो. इथे मी तक्रार केली, दोन ओळींचे छापील उत्तर आले, पुढे काही नाही.

आता बघा, अशा खोट्या बोलीवर साध्या ग्राहकाकडे उपाय कोणता? हाच, शेवटच्या सेकंदाचा. मी चार सेकंद उरले असताना माझा खरा आकडा टाकला, तर खोट्या माणसाला मला पायरी-पायरीने वर ढकलायला वेळच उरत नाही. म्हणून म्हणतो, ज्याला आपण चोर ठरवतो आहोत तो बरेचदा चोरापासून स्वतःला वाचवत असतो. वेळ वाढवण्याचा नियम आणला आणि खोटी बोली तशीच राहिली, तर ढकलणाऱ्याला आयतीच जास्त मिनिटे मिळतील. म्हणून आधी ती बंद व्हावी, मग वेळ वाढवावी.

माझी लिलाव चालवणाऱ्यांकडे मागणी एवढीच आहे. विक्रेत्याने किंवा त्याच्या माणसाने स्वतःच्या मालावर बोली लावली तर दोघांचेही खाते कायमचे बंद करा. कोणत्या बोलीदाराने त्याच विक्रेत्याच्या मालावर किती वेळा बोली लावली, हे सगळ्यांना दिसू द्या. नाव झाका, पण खूण एकच ठेवा. आणि लिलाव कधी, कसा बंद होतो हे पहिल्या पानावर मराठीत लिहा. कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि पोस्टाचा खर्च धरून शेवटी हातातून किती जाणार, हेही तिथेच. आमच्याकडची दोन पोरे ८०० च्या बोलीवर हजाराच्या वर भरून बसली आहेत.

एक गोष्ट विषयाला सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेतात नांगरताना सापडलेले गाडगे फोटो काढून लिलावावर टाकायला काही जण माझ्याकडे येतात. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वरचे सापडलेले धन कलेक्टरला कळवावे लागते. मी त्यांना वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याची गोष्ट सांगतो. १९३९ मध्ये तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा साठा मिळाला. तो एकत्र राहिला, इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींना अभ्यासता आला, म्हणून पुराणांच्या यादीत नसलेल्या कुंभ आणि कर्ण सातकर्णींची नावे आपल्याला कळली. तीच नाणी एकेक करून दहा गावांत विकली गेली असती, तर ते राजे मातीतच राहिले असते.

मी स्वतः आता काय करतो, तेही लिहितो. नाणे बघून झाले की खर्चासकट माझा शेवटचा आकडा एका चिठ्ठीवर लिहितो, तारीख टाकतो आणि चिठ्ठी देवघरात ठेवतो. लिलावाच्या दिवशी वीज आणि नेटवर्क धड असेल तर शेवटच्या मिनिटात तो आकडा एकदाच टाकतो. नसेल तर दुपारीच टाकून मोकळा होतो. चिठ्ठीवरचा आकडा बदलत नाही. पासवर्ड मागून आपल्या वतीने शेवटच्या सेकंदाला बोली लावून देणारी ॲप निघाली आहेत, त्यांच्या वाटेला जात नाही. या पावसाळ्यात एलिचपूरचे दुसरे एक तांबे आले होते. चिठ्ठीवर १८०० होते, मिळाले १३५० ला. ‘एलिच’ पूर्ण आहे, ‘पूर’ची कड घासली आहे.

त्या पत्रलेखकाला माझे नाव-पत्ता जरूर द्यावा. तो आपल्याकडे आहे. त्यांचे कोणते नाणे गेले ते त्यांनी मला कळवावे. तसे पुन्हा कुठे लिलावात दिसले तर मी त्यांना फोन करीन.

आपला,
एक निवृत्त हर्रास कारकून
ता. अचलपूर, जि. अमरावती