तारा जुनाच ठेवायला लावणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,
सादर नमस्कार.

मोबाइलवर लांबलचक मजकूर वाचायची तुम्हाला सवय नाही, तेव्हा हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवेल. तरीही ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरात जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: पार्ट नवा आणून बसवायचा, की जुनाच दुरुस्त करून घ्यायचा? आमच्यापुरता तो तुम्ही सोडवलात, जुन्या सामानावर निकेल-क्रोमचा मुलामा, म्हणजे प्लेटिंग, चढवता चढवता.

वाचणाऱ्यांना गाडीची ओळख करून देते. माझ्या आजोबांची, अण्णांची, टाटा मर्सिडीज-बेंझ. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मनीची डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. त्यातून जमशेदपूरला हे ट्रक तयार होऊ लागले. १९६९ मध्ये करार संपला आणि गाड्यांच्या जाळीवरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गेला. आमची गाडी ताऱ्याच्या काळातली, पुढं लांब बॉनेट असलेली. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि गूळ भरून अण्णा मुंबईला मशीद बंदरपर्यंत जायचे. त्यांच्यामागे ती शेडमध्ये उभी राहिली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शेडमध्ये शिरलं. पाणी उतरलं तेव्हा हेडलाइटच्या आत गाळ बसलेला होता.

इंजिनाचं काम मिस्त्रींनी मार्गी लावलं. घोडं अडलं ते वरच्या सामानापाशी. जाळी, तारा, हेडलाइटच्या रिंगा, बंपर, दरवाज्यांची हँडल, काचेचं रबर. कुणी म्हणे सगळं भंगारात घाला आणि नवं आणा, आठवड्यात गाडी चकाचक. कुणी म्हणे एक स्क्रूसुद्धा बदललात तर गाडीची किंमत गेली. दोघांनीही गाडी बघितलेली नव्हती.

तुम्ही मात्र आधी सामान बघायला मागितलंत. कुपवाडच्या तुमच्या शेडमध्ये टेबलावर गोणपाट अंथरलंत आणि एकेक तुकडा हातात घेऊन मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीचा एक हलका फटका मारलात. लोहचुंबक चिकटला तर लोखंड. नाही चिकटला आणि खाली पिवळं निघालं तर पितळ. करडं निघालं आणि हाताला जड लागलं, तर जस्ताचं ओतकाम. धातू कळल्याशिवाय दुरुस्त करायचं की बदलायचं हे बोलायचंच नाही, असं तुम्ही सांगितलंत. किती लोक क्रोम उडालेली वस्तू बघितल्याबरोबर ती फेकून देत असतील, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

रिंगांचा निकाल लगेच लागला. वरून त्या काळ्या पडल्या होत्या, पण आत पितळ ठणठणीत. बाजारातली नवी रिंग पातळ पत्र्याची होती आणि तिची खाच आमच्या हेडलाइटच्या बैठकीवर नीट बसतच नव्हती. जुन्या रिंगांचे पोचे तुम्ही आतून लाकडी हातोडीने काढलेत, बफ मारून चमकवल्यात आणि प्लेटिंगच्या टाकीत सोडल्यात. प्रश्न मिटला.

तारा हे खरं अवघड काम होतं. तो जस्ताचा. क्रोमच्या बारीक छिद्रांतून ओल आत जाते, खालचं जस्त गंजतं, आणि वर फोड येतात. आमच्या ताऱ्याची एक टांग तर नुसत्या फोडांनी भरलेली. नवा तारा बाजारात मिळत होता, पण तो प्लास्टिकवर चकाकी चढवलेला, वजनाला हलका, आणि मागच्या खुंट्यांची जागा वेगळी. तो बसवायचा तर जाळीला नवी भोकं पाडावी लागली असती. तिथं तुम्ही मला थांबवलंत. म्हणालात, "तारा बिघडला तर परत करता येईल, जाळीला भोक पाडलं की ते कायमचं." निवड कशी करायची याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. नवा पार्ट बसवताना जुन्या गाडीला कापावं लागतंय का, हे आधी बघायचं.

मग तुम्ही जे केलंत ते मी शेजारी बसून पाहिलंय. जुनं प्लेटिंग उतरवलंत तेही बेतानं, कारण ॲसिड जास्त वेळ लागलं तर जस्तच खातं. नंतर अगदी बारीक ड्रिल घेऊन एकेक खड्डा, दाताचे डॉक्टर कीड कोरतात तसा, कोरून काढलात. प्रत्येक खड्ड्यातून पांढरी भुकटी निघायची. खाली चकचकीत करडा धातू दिसेपर्यंत तुमचा हात थांबायचा नाही. पहिलं तांबं सायनाइडच्या टाकीत चढवलंत, कारण जस्त थेट आम्लाच्या टाकीत घातलं तर ते विरघळायला लागतं. त्यावर जाड तांबं, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा तांबं, पुन्हा पेपर, खड्डे भरून सपाट होईपर्यंत. मग निकेल, आणि क्रोम अगदी शेवटी. लोक ज्याला क्रोम म्हणून नावाजतात तो थर एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ असतो, गंजाला खरं अडवतं ते खालचं निकेल, हे मला तुमच्याकडे कळलं. स्वस्तात प्लेटिंग करणारे नेमका त्या निकेलमध्ये हात आखडतात.

बंपरच्या बाबतीत तुम्ही स्वतःचंच काम कमी केलंत. घरच्यांना बंपर क्रोमचा हवा होता. तुम्ही एका कोपऱ्यात रंग खरवडलात. लाल, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा, मग प्रायमर आणि मग थेट लोखंड. निकेलचा मागमूस नाही. "हा कधी चमकत नव्हता, याला रंगच द्या," म्हणालात. मोठं बिल झालं असतं ते तुम्ही सोडून दिलंत. वर हेही सांगितलंत की क्रोमच्या टाकीचं पाणी विषारी असतं. ते सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून निर्विष करावं लागतं, मग चुना घालून गाळ बसवावा लागतो, तेव्हा गरज नसलेली वस्तू त्या टाकीत घालायचीच कशाला? आमची शेतं कृष्णेच्या काठाला आहेत, चाचा. हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पटलं.

आणि त्याच खरवडण्यात निळ्या थरावर अक्षरं दिसू लागली तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवून मला हाक मारलीत. "पोरी, हे काढू का ठेवू?" गणपतीचं नाव होतं, पिवळ्या अक्षरांत, कुण्या पेंटरने मोकळ्या हाताने काढलेलं. ते टिकवणं शक्य नव्हतं, खालून गंज आलेला. आम्ही बटर पेपरवर छापून घेतलं आणि आता नव्या रंगावर पेंटरने तीच वळणं उतरवलीत. दुसरा कुणी असता तर ग्राइंडर फिरवून मोकळा झाला असता, आणि आम्हाला कळलंही नसतं.

केबिनविषयी तुम्ही सांगितलेलं तर जुन्या ट्रकवाल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. त्या काळी बहुतेक ट्रक कंपनीतून काउल (केबिनच्या पुढचा भाग) आणि चासी (खालचा सांगाडा) एवढेच निघत. बॉनेट, मडगार्ड, जाळी कंपनीची. केबिन आणि हौदा गावातल्या बॉडी बिल्डरने बांधलेला, आमच्या गाडीला सागवानी चौकटीवर पत्रा ठोकून. म्हणजे दरवाज्याच्या हँडलचा 'कंपनीचा पार्ट' जगात कुठं नव्हताच. आम्ही उगाच यादीत ते शोधत होतो. डावं हँडल शाबूत, उजवं गायब. तुम्ही डाव्यावर मेणाचा पातळ थर दिलात, कारण ओतलेलं पितळ थंड होताना आकसतं आणि हँडलवरून सरळ साचा घेतला तर नवं लहान येतं. ओळखीच्या फाउंड्रीतून उजवं ओतून आणलंत. त्याला नवा पार्ट म्हणावं की जुना, मला ठरवता येत नाही. दरवाजा मात्र एका ओढीत उघडतो.

रबराच्या बाबतीत तुम्ही एकदम कडक होतात, आणि ते बरोबरच होतं. काचेचं आणि दरवाज्याचं जुनं रबर कडक होऊन भेगाळलेलं. ते आठवण म्हणून जपायचा माझा हट्ट तुम्ही ऐकून घेतला नाहीत. त्यातून पाणी आत झिरपलं की सागवान कुजेल आणि पत्रा खालून सडेल. मागचे दिवे आणि वायरिंगही नवंच घ्यायला लावलंत. रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाशी गाठ आहे, तिथं जुनेपणाचं कौतुक नको, ही तुमची भूमिका मी आता दुसऱ्यांना ठासून सांगते.

आता उभी असलेली गाडी नव्यासारखी दिसत नाही. ताऱ्याच्या एका टोकाची कड किंचित बोथट आहे, रिंगेवर हाताला लागेल असा एक पोचा तुम्ही मुद्दाम सोडलात, कारण पितळ आणखी ठोकलं असतं तर फाटलं असतं. आमच्या वडिलांनी जाळीवरून हात फिरवला आणि गाडी ओळखली. आम्हाला एवढंच हवं होतं, आणि ते तुमच्या हातून झालं. त्यासाठी आमच्या अख्ख्या घराकडून तुमचे मनापासून आभार.

एक तक्रार आहे. बिलात तुम्ही टाकी, निकेल आणि बफ धरलंय, ताऱ्याचे खड्डे कोरण्याची मजुरी धरलेलीच नाही. विचारलं तर "ते मी माझ्यासाठी केलं" म्हणालात. ती मजुरी मी तुमच्या मुलाकडे दिली आहे आणि पावतीही लिहून घेतली आहे. कृपा करून परत पाठवू नका. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावातले एकजण जुन्या बेडफर्ड ट्रकची जाळी घेऊन तुमच्याकडे येतील. मी त्यांना बजावून सांगितलंय, काही विकत घ्यायच्या आधी सामान चाचांना दाखवा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे आधी ठरवा.

आपली,
मार्केट यार्डातल्या अण्णांची नात
सांगली