उन्हाची चित्रकर्ती

महोदय,
फॅशन छायाचित्रणाचा विषय निघाला की पुरुषांचीच नावं पुढे येतात; लुईस डाल-वुल्फ अनेकांच्या गावीही नसते. १९३६ ते १९५८ या काळात तिने 'हार्पर्स बझार' या अमेरिकी फॅशन मासिकाची ८६ मुखपृष्ठं टिपली. मॉडेलना स्टुडिओबाहेर, खऱ्या उन्हात नेलं. रंगांच्या बाबतीत तर ती भलतीच काटेकोर. रंगसंगती ती रीतसर शिकली होती आणि रंगीत फिल्म नवी असताना ते शिक्षण तिच्या कामी आलं.

मार्च १९४३चं मुखपृष्ठ पाहा. रेड क्रॉसच्या रक्तदान केंद्राचं काचेचं दार, आत परिचारिकेची धूसर आकृती आणि दारापुढे पांढऱ्या टोपीतली, लाल ओठांची अठरा वर्षांची मुलगी. कपड्यांची जाहिरात वाटतच नाही. युद्धकाळातल्या एखाद्या गोष्टीचं पहिलं पान वाटतं. ही मुलगी म्हणजे पुढे सिनेतारका म्हणून गाजलेली लॉरेन बकॉल. हे मुखपृष्ठ पाहूनच तिला हॉलिवूडचं बोलावणं आलं.

लुईसचा नवरा मेयर वुल्फ शिल्पकार. तिच्या छायाचित्रांसाठी मागचे देखावे तो उभारून द्यायचा. (बायकोच्या कामात असा हातभार लावणारे नवरे तेव्हा किती असतील!)

आपल्या रविवार पुरवणीत तिच्या छायाचित्रांना एक पान द्यावं, ही विनंती. रंगीतच छापा मात्र.

– एक वाचक