तूर विकणारं घर, डाळ घेणारं घर

लातूर

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुरीच्या भावाचा घरांवर काय परिणाम होतो, या तुझ्या सर्वेक्षणाची प्रश्नावली वाचली. ‘तुरीचा भाव वाढल्याने फायदा झाला की तोटा?’ हा पहिलाच प्रश्न काढून टाक. शेतकरी फायदा सांगेल, मजूर तोटा सांगेल, तुझे दोन रकाने भरतील आणि हाती काही लागणार नाही. औसा-निलंग्याकडे तूर जानेवारीत विकणारं आणि डाळ श्रावणात विकत आणणारं घर बहुतेक वेळा एकच असतं. म्हणून आधी किलो विचार, मग महिना, आणि भाव सगळ्यात शेवटी.

नमुन्याला पाच माणसांचं घर घे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर दोन ओळी तूर, निघाली ३ क्विंटल. खताबियाण्याची उधारी डोक्यावर, म्हणून अडीच क्विंटल खळं झाल्याबरोबर अडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाकडे विकायला जाते. उरते ५० किलो. गिरणीत क्विंटलला ७० ते ७५ किलो डाळ उतरते, बाकी चुनी (डाळीचा चुरा), टरफल आणि घट. घरच्या जात्यावर उतारा याहून कमी. म्हणजे हाती ३६ किलोच्या आसपास डाळ. माणशी रोज ४० ग्रॅम धरलं तर महिन्याला ६ किलो लागते. जानेवारीत भरलेला डबा जूनअखेर रिकामा, आणि उरलेल्या सहा महिन्यांची ३६ किलो डाळ किराणा दुकानातून.

आता तूर क्विंटलला १००० रुपयांनी महागली असं धर. डाळीत ही वाढ किलोमागे साधारण १४ रुपये येते. ती जानेवारीतच आली आणि वर्षभर टिकली, तर या घराचे २५०० आले आणि ५०० गेले. तीच वाढ जुलैनंतर आली, तर मिळालं काहीच नाही आणि ५०० गेलेच. शेजारच्या भूमिहीन घराला वर्षभराच्या महागाईत हजाराचा खड्डा पडतो. भाव एकच, वाढही तेवढीच; माल कोणाच्या घरात असताना ती आली, यावर सगळं ठरतं. पावसाळ्यात तूर बहुतेक गोदामात असते, लहान शेतकऱ्याच्या कणगीत नसते.

खरे चढउतार याहून मोठे असतात. २०१५च्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळीत किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही साथीला होता, आणि २०१७ साली बोनस धरून ५०५० रुपये हमीभाव असलेली तूर त्याच्या बरीच खाली विकली गेली. सरकारी खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना (रिकामी पोती) संपला. ज्याला थांबणं परवडलं त्याला हमीभाव मिळाला. म्हणून ‘मिळालेला भाव’ या रकान्यात हमीभाव भरू नकोस. अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, बघायला माग, त्यात हमाली-तोलाई किती कापली ते उतरवून घे. केंद्रावर माल परत गेला असेल तर कारण विचार. बहुधा ओलावा असतो, १२ टक्क्यांवर गेला की माल घेत नाहीत. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा बटईदार तर, सातबारा त्याच्या नावावर नसल्याने, नोंदणीतच अडकतो.

खाण्याच्या पानावर तू फक्त ‘डाळीवर महिन्याचा खर्च’ विचारला आहेस. इथेच सर्वेक्षणं फसतात. डाळ महागली की गरीब घर खर्च वाढवत नाही, डाळ कमी करतं. वरण जाऊन पातळ आमटी येते, आमटीच्या जागी पिठलं, तेही न झाल्यास मिरचीचा ठेचा. खर्च दोन्ही वर्षी ३०० रुपयेच दिसतो आणि तू ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळी होतेस. पाच किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सोबत ठेव. रांधणाऱ्या बाईला म्हण, आज जेवढी डाळ शिजवणार तेवढी वाटीत घ्या, आणि ते वजन कर. घरातल्या पुरुषाला हे विचारून उपयोग नाही. मापट्याचा, म्हणजे घरातल्या धान्य मोजायच्या भांड्याचा, आकडा किलोत बदलताना पुस्तकावर जाऊ नकोस, त्याच गावचं मापटं भरून तोल. तुरीऐवजी मसूर किंवा वाटाण्याची डाळ आली का, तेही लिही. पिवळ्या वाटाण्यावरचं आयातशुल्क डिसेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२५ माफ होतं, तेव्हा तो बेसनात मिसळला जातो, अशी कुरबुर बाजारात असायची.

दुकानाचा भावही घराघरात वेगळा. दहा रुपयांची पुडी घेणाऱ्याला किलो घेणाऱ्यापेक्षा महाग पडते, उधारीवर घेणाऱ्याला त्याहून. पुडी विकत घे, तोल, किलोचा भाव काढ. बाजार समितीचा दर या जागी चालणार नाही.

एकाच घराकडे दोनदा जा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. एकच फेरी परवडत असेल तर ऑगस्टची ठेव.

आयातीबद्दल तू एकच वाक्य लिहिलं आहेस, त्याला एक परिच्छेद दे. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारने तुरीच्या आयातीला वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. इथल्या शेतकऱ्यासाठी ते हवंच होतं, हे माझं मत आजही आहे. पण उत्तर मोझांबिक आणि दक्षिण टांझानियातले लहान शेतकरी तूर मुख्यतः भारतासाठीच लावत होते, त्यांचे भाव कोसळले. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी झाली. त्यांची तूर ऑगस्ट-सप्टेंबरनंतर बाजारात येते, म्हणजे आपलं पीक शेतात उभं असतानाच बंदरावर जहाजं लागतात. भाव उतरतो तो त्या मालाने आणि त्याच्या नुसत्या बातमीनेही.

तेलाचं पान वेगळं कर. सोयाबीन पिकवणारं घरही तेल विकतच आणतं. २०२२च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जवळपास महिनाभर थांबवली होती. तेव्हाचा तेलाचा चढलेला भाव दुकानदाराच्या जुन्या वहीत सापडेल.

दुरुस्त केलेली प्रश्नावली पाठव, कच्ची असली तरी चालेल.

तुझे,
बाबा

ता.क. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं, त्यात डाळ धरू नकोस. शाळेच्या पोषण आहारात मात्र पहिली ते पाचवीच्या मुलाला २० ग्रॅम आणि त्यापुढे आठवीपर्यंत ३० ग्रॅम डाळ असते. शाळेला सुट्टी असताना गेलीस तर वजनात फरक दिसेल. तारीख लिहायला विसरू नकोस.